अ‍ॅमेझॉन मेकॅनिकल टर्कचा फॉर्म, रकान्या-रकान्याने

अ‍ॅमेझॉन मेकॅनिकल टर्क ही सेवा 2 नोव्हेंबर 2005 ला लोकांसाठी खुली झाली. चित्रातली वस्तू ओळखणं, पावतीवरचे आकडे टिपून घेणं, वाक्यांना खुणा लावणं, सर्वेक्षण भरणं अशी यंत्राला धड न जमणारी कामं तुकडे पाडून दूरदूरच्या माणसांना नगावर द्यायची, हा तिचा धंदा. काम देणारा तो रिक्वेस्टर, करणारा तो वर्कर, कामाचा एक नग म्हणजे हिट, आणि एकाच हिटची प्रत्येक स्वतंत्र प्रत म्हणजे असाइनमेंट. ही चार नावं लक्षात ठेवली की बाकीचं समजतं.

निकाल आधीच सांगून टाकतो. उत्तर बरोबर की चूक हे तुम्हाला नंतर तपासता येईल असं लेबल लावण्याचं काम असेल आणि काम टाकण्याचा फॉर्म भरण्यात थोडं डोकं घालायची तयारी असेल, तर ही सेवा उपयोगाची आहे. लोकांची मतं, अनुभव किंवा मोकळं लिखाण हवं असेल तर दुसरी सेवा बघा. आणि ऑनलाइन कामावरच अभ्यास किंवा धोरण करायचं असेल, तर इथे एखादी बॅच, म्हणजे कामांचा एक गठ्ठा, स्वतः टाकून बघण्याला पर्याय नाही. एरवी कायद्यात, करारात आणि कामगार खात्याच्या परिपत्रकांत विखुरलेले प्रश्न (मजुरी कोण ठरवतो, वेळ कशी मोजतात, काम नापास कोण करतो, दाद कुठे मागायची) इथे एका वेबपेजवरच्या रकान्यांत बसवलेले आहेत. शिवाय ज्या रकान्याने वर्करचे पैसे बुडतात, बहुधा त्याच रकान्याने रिक्वेस्टरचा डेटाही बिघडतो. म्हणून हे परीक्षण रकान्यांच्या क्रमाने.

पहिला रकाना रिवॉर्ड, म्हणजे नगाचा दर. तो तुम्ही ठरवता आणि त्याला किमान मजुरीचा कुठलाही अडसर नाही. त्यावर अ‍ॅमेझॉनचं कमिशन 20 टक्के. एका हिटच्या 10 किंवा जास्त असाइनमेंट मागितल्या तर आणखी 20 टक्के. मास्टर्स हा शिक्का असलेलेच वर्कर हवे असतील तर वर आणखी 5. प्रत्येक असाइनमेंटमागे कमिशन निदान 1 सेंट, त्यामुळे 1 सेंटच्या कामावर ते थेट 100 टक्के पडतं. सर्वांत स्वस्त कामावर सर्वांत जड कमिशन, अशी ही रचना आहे.

आता सर्वेक्षणाचा हिशोब. 500 माणसं, प्रत्येकी 2 डॉलर. मजुरी 1000 डॉलर, कमिशन 40 टक्क्यांनी 400. मुरलेले रिक्वेस्टर इथे एक पळवाट वापरतात: 500 असाइनमेंटचं एक हिट टाकण्याऐवजी प्रत्येकी एका हिटच्या, जास्तीत जास्त 9 असाइनमेंटच्या 56 बॅच टाकायच्या. 10 चा उंबरठा ओलांडला जात नाही, कमिशन 200 वर येतं. यात गैर काही नाही, पण एक गोष्ट तुटते. एकाच हिटमध्ये एक वर्कर दोनदा येऊ शकत नाही याची काळजी सेवा घेते. 56 वेगळ्या हिट्समध्ये ती जबाबदारी तुमच्यावर येते. वर्करला यादीत एकसारख्या नावाची कामं दिसतात, तो दुसरंही उचलतो, तुम्हाला दुबार उत्तर मिळतं आणि तुम्ही ते नापास करता. तुमचे 200 डॉलर वाचले, त्याच्या खात्यावर मात्र डाग बसला. उपाय सोपा आहे. स्वतःचं एक क्वालिफिकेशन, म्हणजे वर्करच्या खात्याला लावायची खूण, तयार करा, पहिली बॅच संपली की त्यातल्या सगळ्या वर्करना ते द्या, आणि पुढच्या प्रत्येक बॅचला ‘हे क्वालिफिकेशन नसलेलेच’ अशी अट लावा. कामाचा तपशीलही अट पूर्ण न करणाऱ्याला दिसणार नाही, असा दृश्यतेचा पर्याय निवडा. हे हाताने करायला कंटाळवाणं आहे. एपीआयवरून (म्हणजे प्रोग्रॅममधून सेवेला हुकूम देण्याच्या सोयीने) छोटी स्क्रिप्ट लिहिली तर काही मिनिटांचं काम.

दर किती ठेवावा? इथे आकडे नीट वाचावे लागतात. 2018 मध्ये हारा या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी 2,676 वर्करच्या 38 लाख कामांच्या नोंदी तपासल्या. तासाची मध्यक कमाई (निम्मे वर्कर जिच्या खाली, निम्मे वर) निघाली सुमारे 2 डॉलर, अमेरिकेच्या 7.25 डॉलरच्या केंद्रीय किमान वेतनाच्या वर जाणारे फक्त 4 टक्के. त्याच अभ्यासात सरासरी रिक्वेस्टर मात्र तासाला 11 डॉलरहून जास्त देताना दिसतो. दोन्ही खरं आहे. कमी पैसे देणारे रिक्वेस्टर प्रचंड संख्येने कामं टाकतात, त्यामुळे रिक्वेस्टरांची सरासरी काढली की चित्र गोजिरं दिसतं आणि वर्करची काढली की खरं चित्र दिसतं. ‘सरासरी दर’ असं लिहिलेलं कुठलंही परिपत्रक हातात आलं की पहिला प्रश्न हाच विचारायचा: सरासरी कुणाची?

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा 2018 चा अहवाल दुसऱ्या वाटेने गेला. पाच प्लॅटफॉर्म, 75 देश, सुमारे 3,500 वर्करचं सर्वेक्षण. फक्त पैसे मिळालेला वेळ धरला तर तासाला सरासरी 4.43 डॉलर. काम शोधणं, पात्रता चाचण्या देणं, रिक्वेस्टरची पारख करणं हा बिनपैशाचा वेळ धरला की 3.29, आणि मध्यक 2.16. म्हणजे दर पैशाच्या तासामागे साधारण 20 मिनिटं फुकट जातात. हा आकडा थेट फॉर्म भरताना वापरता येतो. तुमचं काम चाचणी बॅचमध्ये मध्यकाने 10 मिनिटांचं निघालं आणि तासाला 12 डॉलर द्यायचे असं ठरवलं, तर साधा हिशोब 2 डॉलर सांगतो. फुकटची तिसऱ्या हिश्शाची भर घातली की 13 मिनिटं 20 सेकंद होतात आणि दर 2.67 वर जातो. प्रामाणिक दर हा दुसरा. चाचणी बॅच स्वतःच्या विद्यार्थ्यांवर किंवा सहकाऱ्यांवर घेऊ नका. त्यांना विषय माहीत असतो, ते भराभर उरकतात आणि दर कमी बसतो.

कामाची वेळ असाही एक रकाना आहे, आणि तो सर्वांत फसवा. असाइनमेंटची मुदत 30 सेकंदांपासून 365 दिवसांपर्यंत काहीही देता येते. नवखा रिक्वेस्टर 10 मिनिटांच्या कामाला 15 मिनिटं देतो, म्हणजे लोक रेंगाळणार नाहीत. होतं असं की वर्कर काम आधी रांगेत घेऊन ठेवतो, आधीचं संपवून तुमच्याकडे येतो, तोवर निम्मी मुदत गेलेली असते. सर्वेक्षण पूर्ण होतं, त्याच्या शेवटी मिळालेला कोड टर्कच्या पानावर चिकटवायच्या आत मुदत संपते, आणि सबमिटचं बटणच उरत नाही. उत्तरं तुमच्या सर्व्हरवर आहेत, पैसे द्यायची वाट मात्र बंद. बोनस देता येत नाही, कारण बोनसला असाइनमेंटचा क्रमांक लागतो. मग त्या एका वर्करसाठी वेगळं क्वालिफिकेशन, त्या क्वालिफिकेशनचं वेगळं भरपाईचं हिट आणि त्याला वेगळी ईमेल, असा द्राविडी प्राणायाम करावा लागतो. 10 मिनिटांच्या कामाला सरळ एक तास द्या.

याच कारणाने निकालाच्या फाइलमधला ‘वर्क टाइम’चा स्तंभ मजुरी मोजायला वापरू नये. तो काम स्वीकारल्यापासून सबमिट करेपर्यंतचा वेळ आहे. त्यात रांगेतलं थांबणं येतं, म्हणून तो जास्त असू शकतो. शोधाशोध, अर्धवट सोडलेली आणि नापास झालेली कामं येत नाहीत, म्हणून तो कमीही असू शकतो. दोन चुका एकमेकींना खोडून काढतील ही आशा व्यर्थ आहे, कारण त्या वेगवेगळ्या वर्करच्या बाबतीत होतात. सर्वेक्षणाच्या पानावर स्वतःचे वेळेचे शिक्के लावा आणि पानागणिक वेळ नोंदवा. न्यूरआयपीएससारख्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या परिषदेच्या पेपरच्या तपासणी-यादीत माणसांना दिलेल्या मोबदल्याचा तपशील विचारला जातो. तिथे या स्तंभावरून काढलेला तासाचा दर लिहिणारे पुष्कळ असावेत, असा दाट संशय आहे.

पात्रतेचा रकाना. तीन तयार अटी नेहमी वापरल्या जातात: देश, आतापर्यंत मंजूर झालेल्या कामांची संख्या, आणि मंजुरीची टक्केवारी. रूढ प्रथा 95 किंवा 98 टक्क्यांच्या वर अशी. यात एक खाच आहे, जी सेवेच्या कागदपत्रांत लिहिलेली असूनही बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटते: 100 पेक्षा कमी कामं सबमिट केलेल्या वर्करची टक्केवारी यंत्रणा 100 च धरते. म्हणजे फक्त ‘98 च्या वर’ ही अट लावली तर कालच खातं उघडलेला आत येतो आणि पाच वर्षं काम करून 97.5 वर असलेला बाहेर राहतो. टक्केवारीबरोबर संख्येची अट, निदान 500, लावावीच लागते. मास्टर्स या शिक्क्याबद्दल मात्र नाव सोनूबाई असंच म्हणावं लागेल. तो कुणाला आणि का मिळतो याचे निकष अ‍ॅमेझॉन उघड करत नाही, त्यामुळे नमुना कसा निवडला याचं उत्तर तुमच्याकडेही नसतं. 5 टक्के जादा देऊन हे अज्ञान विकत घेऊ नका.

आता सर्वांत वजनदार बटण: रिजेक्ट.

रिक्वेस्टरला वाटलं तर तो काम नापास करू शकतो. पैसे द्यावे लागत नाहीत, केलेलं काम मात्र त्याच्याकडेच राहतं. करारानुसार वर्कर हा रिक्वेस्टरसाठी काम करणारा स्वतंत्र कंत्राटदार. अ‍ॅमेझॉन मधला मंच, व्यवहारातला पक्ष नव्हे. त्यामुळे वाद झाला तर वर्करने रिक्वेस्टरलाच लिहायचं. उत्तर येईलच असं नाही.

नापास होण्याची किंमत नगाच्या दरापेक्षा कितीतरी मोठी असते. एका वर्करची 500 कामं मंजूर आहेत, नापास शून्य. एका रिक्वेस्टरने एकाच बॅचमधली त्याची 20 कामं नापास केली. टक्केवारी झाली 96.15. पुन्हा 98 ला पोचायला त्याला एकूण 1000 कामांत 20 च नापास असावी लागतील, म्हणजे आणखी 480 कामं एकही नापास न होता करावी लागतील. आणि ती कुठली? 98 ची अट असलेली बरी कामं त्याला उचलताच येत नाहीत, म्हणून उरलेली, कमी पैशांची. 5-5 सेंटची 20 कामं म्हणजे बुडाला 1 डॉलर, पण भरपाईला जातात आठवडे.

हे फक्त दुष्ट रिक्वेस्टर करतात असं समजू नये. नेहमीचं कारण तांत्रिक असतं. एकाच चित्रावर तिघांची उत्तरं घ्यायची, दोघांचं जुळलं की ते बरोबर, तिसऱ्याचं आपोआप नापास, असा बहुमताचा नियम स्क्रिप्टमध्ये लिहिलेला असतो. सोप्या चित्रांवर तो चालतो. अवघड चित्रावर, जिथे दोघांनी घाईत उघड दिसणारं उत्तर दिलं आणि तिसऱ्याने नीट बघून वेगळं दिलं, तिथे काळजीपूर्वक काम करणाराच नापास होतो. काही दिवसांत असे वर्कर तुमची बॅच टाळायला लागतात, उरतात ते बहुमत काय असेल याचा अंदाज बांधून उत्तर देणारे. तुमचा ‘एकमताचा’ निर्देशांक वाढतो आणि डेटा खालावतो. नियम असा ठेवा: मतभेद झाला तर चौथं-पाचवं उत्तर मागवा, मंजुरी आणि अचूकता हे दोन निर्णय वेगळे ठेवा, आणि नापास फक्त रिकामी किंवा उघड यादृच्छिक उत्तरं करा. ज्याचं काम पुन्हा नको त्याला ब्लॉक करू नका. ब्लॉक साचले तर खातं निलंबित होण्याची भीती असते. त्याऐवजी वगळणारं क्वालिफिकेशन द्या, त्याचा परिणाम तुमच्या कामांपुरताच राहतो.

चूक झाली तर दुरुस्ती शक्य आहे, पण मुदतीत. नापास केलेलं काम मागच्या 30 दिवसांत सबमिट झालेलं असेल आणि त्याचं हिट तुम्ही काढून टाकलेलं नसेल, तरच ते पुन्हा मंजूर करता येतं. म्हणून बॅच संपल्या संपल्या हिट्स पुसून खातं स्वच्छ ठेवण्याची सवय वाईट. आणि आपोआप मंजुरीचा रकाना: एपीआयवरून काम टाकलं आणि काही लिहिलं नाही तर तो 30 दिवस धरला जातो, जास्तीत जास्त मर्यादाही तीच. महिनाभर पैसे अडकवून ठेवण्याचं कारण बहुतेक अभ्यासांना नसतं. 2 किंवा 3 दिवस लिहा आणि कामाच्या वर्णनात तसं सांगा. चांगले वर्कर ते वाचतात.

वर्करच्या बाजूने ही पोकळी भरायला लिली इराणी आणि सिक्स सिल्बरमन या संशोधकांनी 2008 मध्ये टर्कऑप्टिकॉन हे साधन काढलं. ब्राउझरमध्ये बसवायचं, मग यादीतल्या रिक्वेस्टरच्या नावाशेजारी इतर वर्करनी दिलेले गुण दिसतात. मूळ रूपात ते चार गोष्टींचे होते: संवाद, औदार्य, न्याय्यपणा, पैसे देण्यातली तत्परता. बॅच टाकण्यापूर्वी रिक्वेस्टरनेही स्वतःचं नाव तिथे शोधावं. बॅच भरायला वेळ का लागतोय, याचं कोडं तिथे सुटू शकतं.

धोरणाच्या अंगाने या बटणाकडे पाहिलं की कायदा कुठे अडखळतो ते दिसतं. युरोपीय संघाचं प्लॅटफॉर्म कामाविषयीचं निर्देशपत्र, क्रमांक 2024/2831, सदस्य देशांना 2 डिसेंबर 2026 पर्यंत आपल्या कायद्यात आणायचं आहे. खातं मर्यादित करणं किंवा बंद करणं हा निर्णय माणसानेच घ्यायचा. केलेल्या कामाचे पैसे नाकारण्यासारखा निर्णय यंत्रणेने घेतला किंवा तिच्या आधारे झाला, तर त्याची लेखी कारणं द्यायची. काम करणाऱ्यांना एकमेकांशी खाजगीपणे बोलता येईल अशी सोय प्लॅटफॉर्मने करायची, असं त्यात आहे. कागदावर हे सगळं वरच्या तक्रारींना नेमकं लागू पडतं. पण कर्तव्य प्लॅटफॉर्मवर आहे, आणि इथे पैसे नाकारतो रिक्वेस्टर, कधी त्याने स्वतः लिहिलेल्या स्क्रिप्टने. ती स्क्रिप्ट प्लॅटफॉर्मची स्वयंचलित यंत्रणा मानायची का? खातं कुणी बंद केलं नाही, टक्केवारी घसरल्यामुळे कामं दिसेनाशी झाली, तर ते ‘मर्यादित करणं’ झालं का? शब्दांचा हा कीस न्यायालयांत पडणार, यात शंका नाही.

जर्मनीच्या संघीय कामगार न्यायालयाने 1 डिसेंबर 2020 ला दिलेला निकाल इथे उपयोगी पडतो. दुकानांतल्या मालाच्या मांडणीचे फोटो काढण्यासारखी कामं अ‍ॅपवरून घेणाऱ्या माणसाने 11 महिन्यांत 2,978 कामं केली होती. प्रत्येक काम नाकारायची त्याला मोकळीक होती, तरी न्यायालयाने त्याला कर्मचारी ठरवलं. कळीचा मुद्दा होता गुणांची पायरी: वरची पातळी गाठली तरच एका फेरीत अनेक कामं घेता येत आणि तासाची कमाई परवडत, म्हणून सतत काम करत राहणं भाग पडत असे. टक्केवारीच्या उंबरठ्यांनी चालणाऱ्या कुठल्याही सेवेला हा तर्क लावून पाहता येतो. मात्र त्या खटल्यात प्लॅटफॉर्म एक होता आणि कामाचं स्वरूप ठरलेलं. इथे एकाच दिवसात एका वर्करचे वीस रिक्वेस्टर असू शकतात, वेगवेगळ्या देशांतले. मालक कोण, याचं उत्तर त्या निकालातून सरळ उचलता येत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने जून 2025 च्या परिषदेत प्लॅटफॉर्म कामासाठी करार आणि त्याला जोड शिफारस अशा दुहेरी मसुद्याची दिशा धरली.

मोजणीचं काय? ऑनलाइन काम किती लोक करतात या प्रश्नाला जागतिक बँकेने 2023 मध्ये दिलेलं उत्तर आहे 15.4 कोटी ते 43.5 कोटी. वरचा आकडा खालच्याच्या जवळजवळ तिप्पट आहे, आणि हा अहवाल कच्चा म्हणून असं झालेलं नाही. कामगारांची नेहमीची सर्वेक्षणं या कामाला पकडतच नाहीत. अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी ब्यूरोने मे 2017 मध्ये चार खास प्रश्न घालून पाहिले. ज्यांचा प्लॅटफॉर्मशी काही संबंध नाही असे, कामावर संगणक वा अ‍ॅप वापरणारे नोकरदारही भराभर ‘हो’ म्हणाले. शेवटी ब्यूरोला उत्तरं एकेक तपासून दुरुस्त करावी लागली, तेव्हा आकडा आला 16 लाख, एकूण रोजगाराच्या 1 टक्का. ऑक्सफर्ड इंटरनेट इन्स्टिट्यूटचा ऑनलाइन लेबर इंडेक्स माणसांना विचारण्याच्या भानगडीत न पडता प्लॅटफॉर्मवर टाकलेली कामं मोजतो. 2016 पासून पाच मोठ्या इंग्रजी प्लॅटफॉर्मवर, त्यांत मेकॅनिकल टर्कही होतं, आणि 2020 च्या आवृत्तीत स्पॅनिश व रशियन प्लॅटफॉर्मही आले. मागणी वाढतेय की घटतेय हे पाहायला तो उत्तम. पण तो कामांचे नग मोजतो, तास किंवा माणसं नव्हे. रोजगाराचा आकडा म्हणून तो वापरणं चूक.

या सेवेच्या आतली लोकसंख्या तर त्याहून सरकती. डिफल्लाह, फिलाटोवा आणि आयपिरोटिस यांच्या 2018 च्या अंदाजानुसार वर्कर 1 लाखाहून जास्त, पण कुठल्याही क्षणी हजर 2 ते 5 हजार. आणि 12 ते 18 महिन्यांत त्यांतले निम्मे बदललेले असतात. संशोधकाने याचा अर्थ असा घ्यावा: सकाळी टाकलेली बॅच आणि रात्री टाकलेली बॅच हे दोन वेगळे नमुने आहेत, आणि विषयाची नामांकित प्रश्नावली या लोकांनी आधीच अनेकदा भरलेली आहे. बॅच दिवसभरात तुकड्या-तुकड्याने सोडा, आणि ‘ही प्रश्नावली आधी पाहिली होती का’ असा प्रश्न शेवटी, पैशांवर परिणाम होणार नाही असं लिहून, जरूर विचारा.

उत्तरांच्या खरेपणाबद्दल दोन धक्के बसले. 2018 च्या उन्हाळ्यात अनेक अभ्यासांत एकाच भौगोलिक ठिकाणाहून शेकडो उत्तरं दिसली, मोकळ्या प्रश्नांना ‘गुड’, ‘नाइस’ एवढंच. आधी बॉटची हाकाटी झाली. नंतर दिसलं की बराच भाग भाड्याच्या सर्व्हरमागून, देशाची अट चुकवून येणाऱ्या माणसांचा होता. आयपी पत्ता डेटासेंटरचा आहे का हे सर्वेक्षण सुरू होण्याआधीच तपासणं हा त्यावरचा उतारा, आणि तपासणी आधीच करायची, म्हणजे काम करून घेऊन मग नापास करण्याची वेळ येत नाही. दुसरा धक्का 2023 चा. स्वित्झर्लंडच्या ईपीएफएलमधल्या संशोधकांनी वैद्यकीय सारांश लहान करण्याचं काम इथे टाकलं आणि कळ दाबण्याच्या नोंदी व एक वर्गीकरण मॉडेल वापरून अंदाज काढला: 33 ते 46 टक्के वर्करनी चॅटजीपीटीसारख्या भाषा-मॉडेलची मदत घेतलेली. अभ्यास छोटा, 44 वर्करचा, आणि काम मॉडेलला अगदी सोयीचं. हाच आकडा सगळ्या कामांना चिकटवू नये. तरी ज्याला माणसाचं लिखाण हवं आहे त्याने इथे ते विकत घेऊ नये, हे मत तेव्हापासून घट्ट झालं आहे. नगावर पैसे देऊन वेगाला बक्षीस द्यायचं आणि मग वेगाचं साधन वापरलं म्हणून नापास करायचं, यात वर्करलाच दोष देणं पटत नाही.

पर्याय म्हणून नाव येतं प्रोलिफिकचं, 2014 पासून चालणारी, संशोधनासाठीच बांधलेली सेवा. तिथे तासाला किमान 6 पौंड किंवा 8 डॉलर दर सक्तीचा आहे, शिफारस 9 पौंड किंवा 12 डॉलरची. प्रत्यक्ष मध्यक वेळ तुमच्या अंदाजापेक्षा जास्त निघाला आणि दर किमानच्या खाली गेला, तर फरक भरायला सांगतात. लक्ष तपासणाऱ्या प्रश्नावर नापास करायलाही नियम आहेत: पाच मिनिटांपेक्षा मोठ्या अभ्यासात असे दोन प्रश्न चुकले तरच. कमिशन टर्कच्या साध्या 20 टक्क्यांहून बरंच जास्त, आणि तरीही मतं व प्रयोगांसाठी तीच निवड योग्य. पण तीही स्थिर नाही. जुलै 2021 मध्ये एका टिकटॉक व्हिडिओने कमाईची ही वाट दाखवल्यावर तरुण मुलींची इतकी झुंबड उडाली की सुमारे 4,600 अभ्यासांचे नमुने एका बाजूला झुकले. स्त्री-पुरुष प्रमाण स्वतः ठरवून दिलेलं नव्हतं अशांना जास्त फटका बसला. मध्यकावर दर ठरवण्यातही एक कोपरा राहतो: हळू वाचणाऱ्या निम्म्या लोकांना जाहीर दरापेक्षा कमीच पडतं. दुसऱ्या भाषेत वाचणारे, वयस्क, स्क्रीनरीडर वापरणारे या निम्म्यात येण्याची शक्यता अधिक, आणि त्यांच्यासाठी वेगळा रकाना दोन्हीकडे नाही.

राहिला डेटा प्रकाशित करण्याचा टप्पा. टर्कच्या निकालाच्या फाइलमध्ये प्रत्येक ओळीला वर्कर आयडी असतो. अक्षरं-आकड्यांची ती मालिका बघून ती निनावी आहे असं वाटतं, आणि अनेक जुने डेटासेट ती तशीच ठेवून लोकांसाठी खुले केलेले आहेत. 2013 मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं की तोच आयडी अ‍ॅमेझॉनच्या सार्वजनिक प्रोफाइलशी जुळत असे. पत्त्यात चिकटवला की काही जणांचं नाव, इच्छा-यादी, त्यांनी लिहिलेली परीक्षणं समोर येत. आयडी काढून 1, 2, 3 असे क्रमांक घाला, मूळ जोडयादी वेगळ्या कुलूपबंद फाइलमध्ये ठेवा. आयडीचा नुसता हॅश (ठरलेल्या सूत्राने बनवलेली सांकेतिक मालिका) करून भागत नाही, कारण ज्याच्याकडे दुसऱ्या बॅचमधले मूळ आयडी आहेत तो त्यांचे हॅश काढून जुळवू शकतो. आयपी पत्ता आणि अक्षांश-रेखांश हे दोन स्तंभ सर्वेक्षणाच्या सॉफ्टवेअरकडून न मागता येतात, तेही प्रकाशित करण्याआधी उडवा.